साठची बाटली, चार दिवस

दुपारी डोळा लागला की मला अजून रंग दिसतात. माणसं नाहीत, नुसते रंग. गुलाबी, नारिंगी, हळदीसारखा एक पिवळा, आणि तो खडूच्या पाण्यासारखा पांढरा, जो हलवला नाही तर तळाशी बसून राहतो. नागपूरच्या महाल भागातल्या आमच्या दवाखान्याची खिडकी पश्चिमेला होती. उन्हाळ्यात तिला वाळ्याची ताटी लावायचो, पण ताटीच्या वर हातभर फट राहायची आणि चार वाजले की तिथून ऊन आत यायचं. खिडकीतल्या फळीवर मी भरलेल्या बाटल्या उभ्या असायच्या. ऊन बाटल्यांतून निघून समोरच्या चुन्याच्या भिंतीवर पडायचं, आणि भिंतीवर गुलाबी-नारिंगी डाग हलत राहायचे. बाकावर आईच्या मांडीवर पडलेली तापाची पोरं ते डाग बघायची. रडणारं एखादं मूल मधेच गप्प व्हायचं. औषध उन्हात ठेवू नये एवढं मलाही कळतं, पण त्या बाटल्या तासाभरात आपापल्या घरी जायच्या, तेव्हा तेवढं मी चालवून घ्यायची.

मी कंपाउंडर होते. लोक मला कंपाउंडरबाई म्हणायचे, आणि आमचे डॉक्टरसाहेब नुसतं ‘बाई’. शिक्षण सातवीपर्यंत. दवाखान्यात मी आधी नावं पुकारायला लागले, मग बाटल्या धुवायला, आणि जुने कंपाउंडर गावी निघून गेल्यावर एके दिवशी साहेब म्हणाले, “बाई, ते खोकल्याचं तुम्हीच भरा आज. रोज बघता ना?” बघत तर होतेच. भरलं. त्यानंतर वीस-बावीस वर्षं भरतच राहिले. लहान मुलांचा दवाखाना, म्हणून गोळ्या कमी आणि पातळ औषधं फार. पातळ औषधाचं गणित वेगळं असतं, ते आधी तुम्हाला सांगते, म्हणजे पुढचं समजेल.

मोठ्या माणसाला गोळी दिली की संपलं. तीन वेळा एक-एक, पाच दिवस, पंधरा गोळ्या, पुडी बांधली, निघाला माणूस. मुलाचं तसं नाही. आधी त्याला तराजूत बसवायचं. वजनावर साहेब मात्रा ठरवायचे. ती मात्रा चमच्यात किती येते ते बघायचं. एक चमचा म्हणजे पाच एमएल. दिवसातून तीनदा म्हणजे पंधरा. साठची बाटली असेल तर चार दिवस पुरते. सात दिवस द्यायचं असेल तर एकशेपाच लागतात, बाटल्या दोन, आणि वरचे पंधरा सांडलवंडीचे. कागदावर हे इतकं सोपं दिसतं की चौथीतलं पोरगंही करील. अडचण अशी की औषध कागदावर राहत नाही, ते घरी जातं.

आणि घरी काय होतं? आधी चमचा. चमचा पाच एमएलचा, हे पुस्तकात. कुणाच्या घरी चहाचा नाजूक चमचा, तीन एमएलसुद्धा मावत नाही. कुणाच्या घरी पोह्यांचा, त्यात दहा सहज. बाटलीसोबत प्लास्टिकची मापं यायला लागली ती फार नंतर. म्हणून मी एक रीत पाडली होती. औषध न्यायला येताना घरचा चमचा घेऊन यायचा. कुणी पदराच्या गाठीत, कुणी पोराच्या मुठीत देऊन आणायचं. माझ्यासमोर तो चमचा पाण्यानं भरायचा, औंसाच्या खुणा असलेल्या मापाच्या ग्लासात ओतायचा, आणि मग मी सांगायची, “तुझा हा पाऊण भर वं,” किंवा “तुझा दीड.” पितळेचे, जर्मनचे, दांडा वाकलेले, कडा झिजलेले, किती चमचे माझ्या हातातून गेले. एकीनं माहेरहून आलेला चांदीचा चमचा आणला होता, बारशाचा. तो मी मोजला तेव्हा खिडकीतलं ऊन त्यात आलं, आणि तिचं पोर माझ्या हातावर झेपावलं.

चमच्याचं ठरलं की माणसं. एका आजीबाईंच्या घरी औषध नेहमी एक दिवस आधी संपायचं. मी पुन्हा पुन्हा हिशेब केला, माझी चूक सापडेना. शेवटी विचारलं तर म्हणाल्या, “पयला चमचा तुळशीले देतो ना मी. तिच्या आधी लेकराले कसं देऊ?” मी तुळशीची मात्रा धरून बाटली भरू लागले. एका घरी खोकला एकाला, पण बाटली दोन दिवसांत रिकामी. बाप म्हणाला, “एकाले देलं त बाकीचे तिघं रडतेत, बाई. मंग सगळ्याइले एक-एक.” मी म्हटलं, “अन् तुम्ही?” तो लाजला. “म्या बी घेतला अर्धा. गोड लागते.” बाटलीही लोक घरचीच आणायचे. एकदा डोक्याच्या तेलाची आली, तीन वेळा सोड्यानं धुतली तरी बुचाजवळ माक्याचा वास राहिलाच. ते पोर पुढं कितीतरी दिवस कुणी डोक्याला तेल लावलं की तोंड उघडायचं, असं त्याच्या आईनं मला सांगितलं. खरं-खोटं तीच जाणे.

रोजच्या मिश्रणांच्या बाटलीवर मी पट्टी चिकटवायची. कागदाची लांब पट्टी, घडी घालून कात्रीनं कडेला खाचा पाडलेली. एक खाच म्हणजे एक वेळ. अक्षर न येणारी आईसुद्धा खाचेवर बोट ठेवून औषध द्यायची. पण काही औषधं भुकटीत यायची, बाटलीच्या तळाशी कोरडी. त्यात उकळून गार केलेलं पाणी घालायचं, बाटलीवर रेघ असते तिथपर्यंत, आणि हलवायचं. पाणी पडलं की ते औषध थोडे दिवसच टिकतं, नागपूरच्या उन्हाळ्यात तर त्याहून कमी. म्हणून ते घरी जाऊन करायचं असायचं.

गिरजा पहिल्यांदा आली ती अशाच एका उन्हाळ्यात. कोराडीच्या वीजकेंद्राच्या चिमण्या तेव्हा नव्या होत्या, धूर निघायला लागून फार दिवस झाले नव्हते. तिचा नवरा तिथं कोळसा उतरवायच्या कामावर होता. कोराडीहून येणारी माणसं मला बाकावरच ओळखू यायची. पायताणाच्या पट्ट्यांखाली, कपड्यांच्या चुण्यांत करडी राख असायची. गिरजाच्या कडेवर तीन वर्षांची सुजाता होती. डावा कान वाहत होता, अंगात ताप, आणि कानामागं कुणाला बोट लावू देत नव्हती. साहेबांनी कानात बघितलं, कानामागं हलकेच दाबलं, पोर किंचाळली. साहेबांनी भुकटीचं औषध लिहिलं. मी चमचा मोजला. तिचा नेमका पाचचा निघाला, तसं फार क्वचित व्हायचं. मी रेघ दाखवली, पाण्याचं सांगितलं, आणि म्हटलं, “साठची बाटली, चार दिवस. संपली की लगेच ये, साहेबांना पुन्हा कान पाहायचाय.”

ठरल्या दिवशी ती आली. पोरीचा ताप तसाच. कानामागं आता सूज स्पष्ट दिसत होती, कानाची पाळी पुढं ढकलल्यासारखी. आई डावीकडून बोलली की सुजाता वळायची नाही. साहेबांनी कानात बघितलं. मग त्यांनी गिरजाला सांगितलं, “औषध लागू पडत नाहीये. मोठ्या दवाखान्यात पाठवावं लागेल. कानामागचं हाड उघडून आतला पू काढतील. उशीर केला तर कान जाईल, आणि त्याहून वाईटही होऊ शकतं.”

गिरजा म्हणाली, “हाड उघडतेत म्हंजे डोक्सं?”

“डोक्याजवळचं.”

ती खाली बसली. बाकावर नाही, जमिनीवरच. पिशवीतून एक एक वस्तू बाहेर काढून फरशीवर मांडायला लागली, काहीतरी शोधत असल्यासारखी. पोरीचं झबलं, भाकरीचं फडकं, चमचा, आणि ती बाटली. बाटलीला तिनं ओलं फडकं गुंडाळलं होतं, गार राहावी म्हणून. फडकं सुटलं, आणि मी बघितलं की बाटली रेघेपर्यंत भरलेली आहे.

चार दिवस झाले होते. त्या दिवशी ती बाटली रिकामी असायला हवी होती. मी उचलून उजेडात धरली. हे औषध दाट गुलाबी असतं. माझ्या हातातलं कसं होतं सांगू, रंगपंचमीच्या दुसऱ्या दिवशी धुतलेल्या लुगड्याचं शेवटचं पाणी असतं ना, तसं.

“गिरजा, औषध दिलं नाहीस का वं?”

“देलं ना बाई. तीन टाइम. एक थेंब सांडू नाई देला.”

“मग ही भरलेली कशी?”

“तुमीच त सांगतलं, पानी या रेघेवर पायजे म्हनून. खाली गेलं का मी घालत होतो. उकळून, गार करून. तसं नाई घातलं.”

साहेब उठून आले. बाटली घेतली, हलवली, उंच धरली. मला वाटलं आता चिडतील. ते हसलेही नाहीत आणि चिडलेही नाहीत. म्हणाले, “म्हणजे पोरीला पुरतं औषध मिळालं कुठं? पहिल्या दिवशी जवळजवळ पुरं, मग दर वेळी आणखी पातळ, शेवटी निम्म्याहून कमी. बाई, औषध हरलं असं मी समजत होतो. त्याची अजून परीक्षाच झाली नाही.”

त्यांनी सुजाताला पुन्हा तपासलं. मग गिरजासमोर खुर्ची ओढून बसले आणि सांगितलं की नवीन औषध आजपासून सुरू करू, एक सुई आत्ता देतो, दोन दिवस बघू. दोन दिवसांत ताप उतरला नाही किंवा सूज वाढली तर इथं न येता थेट मोठ्या दवाखान्यात जायचं. चिठ्ठी आत्ताच लिहून देतो. गिरजा मान हलवत होती, पण तिचं लक्ष माझ्या हातातल्या बाटलीकडे होतं.

सात दिवसांचं औषध, बाटल्या दोन. पहिलीत मी माझ्या हातानं पाणी घातलं. दुसरी कोरडीच द्यावी लागली, नाहीतर त्या उकाड्यात ती आंबली असती. भुकटीच्या बाटलीवर मी कधी लावत नाही ती खाचांची पट्टी पहिलीवर लावली, एका खाचेला एक वेळ, बारा खाचा. दुसरीवरही लावली, नऊ खाचांची. म्हटलं, “हे बघ. रोज औषध खाली खाली गेलं पाहिजे. खाली जाणं म्हणजे पोरीच्या पोटात जाणं. पाणी एकदाच, बाटली उघडशील तेव्हा. दुसरीतलं थोडं जास्तीचं उरेल, ते टाकून दे. आणि सात दिवसांनी मला दोन्ही बाटल्या रिकाम्या आणून दाखव. रिकाम्या आणल्याशिवाय तोंड दाखवू नको.”

मी हे हसत म्हटलं होतं. ती हसली नाही.

दोन दिवसांनी तिचा नवरा कामावरून परस्पर आला, दारातूनच सांगून गेला, ताप उतरला, पोरगी खाऊन राहिली. साहेबांनी चष्मा काढून पुसला. म्हणाले, “सूज?” तो म्हणाला, “कमी हाये.” साहेब म्हणाले, “ऐकू येतं का?” “तिच्या आईले मालूम,” म्हणाला आणि बससाठी पळाला.

सातवा दिवस गेला. आठवा, नववा. गिरजा आली नाही. दवाखान्यात अशी कितीतरी माणसं परत येत नाहीत, बरं वाटलं की कोण येतं. पण मला तिचा चेहरा आठवायचा, मी ‘खाली खाली’ म्हणाले तेव्हाचा. बाटली भरता भरता मी मधेच थांबायची. साहेबांनी ते बघितलं असावं. शनिवारी ते म्हणाले, “बाई, उद्या सुटी आहे. कोराडीची बस कुठून सुटते, माहीत आहे ना?”

रविवारी गेले. बस अर्धी रिकामी, खिडकीतून येणारा वारा भट्टीसारखा. कोराडी जवळ आली तसा सगळ्याचा रंग उडत गेला. झाडं करडी, छपरं करडी, रस्त्याकडेची गाय करडी. आभाळातून राख पडत होती की नुसता उजेड तसा होता, मला कळत नव्हतं. सगळं इतकं मऊ आणि निःशब्द, जणू मी झोपेत चालतेय. विचारत विचारत कामगारांच्या खोल्यांपर्यंत पोचले. एका दाराशी सुजाता मातीत चमच्यानं खड्डा खणत बसली होती. तोच चमचा, नेमका पाचचा. मी तिच्या कानामागं बघितलं. सूज नव्हती.

गिरजानं मला बघितलं आणि पदर डोक्यावर ओढला. “बाई, तुमी काहून आल्या? एवढ्या तपनीत.”

“तू आली नाहीस म्हणून.”

तिनं पाणी दिलं. चहा ठेवला. मी बाटल्यांचं विचारलं नाही. ती उठली आणि कोपऱ्यातल्या माठाजवळ गेली. माठाखाली ओली वाळू होती, वाळूत दोन्ही बाटल्या रोवलेल्या. दोन्ही तिनं माझ्यासमोर ठेवल्या. खाचांच्या पट्ट्या तशाच, नीट. पहिल्या बाटलीत तळाशी एक चमचाभर गुलाबी. दुसरीतही चमचाभर, त्याहून जास्त नाही. जास्तीचं तिनं माझं ऐकून टाकलं होतं. दोन्हींत फक्त शेवटचा घोट.

“रिकामी नाई झाली,” ती म्हणाली. “तुमी म्हनलं होतं रिकामी घेऊन ये. माह्यानं होत नाई, बाई. मंग येऊ कशी?”

तिनं चहा गाळला. गाळता गाळताच सांगितलं. सुजाताच्या आधी एक मुलगा होता. गावाकडं त्याला ताप होता, औषध चालू होतं. शेवटचा चमचा पाजून तिनं बाटली धुऊन पालथी घातली, आणि त्याच दिवशी तो गेला. “सासू म्हने, बाटली काहून सपवली. दुखन्याच्या घरात भांडं रितं करत नाईत.” तिनं कपबशी माझ्याकडे सरकवली. “सासू काईबी म्हनते, मले मालूम हाये. पन हात नाई होत.”

मग मला ती रेघ कळली. तिनं मी सांगितलं म्हणून पाणी घातलं होतं, हे खरंच. पण तिला बाटली खाली गेलेली बघवत नव्हती, हेही तेवढंच खरं. दर वेळी पाणी रेघेवर आलं की एक दिवस आणखी मिळाल्यासारखं तिला वाटत असणार. माझं सगळं गणित खाली जाणाऱ्या औषधाचं. तुळशीचा चमचा मी त्यात धरला होता, चार भावंडांचा धरला होता. आईच्या हातातून न सुटणाऱ्या घोटाला काय धरायचं, ते मला कुणी शिकवलं नव्हतं आणि मीही शिकले नव्हते.

खरं सांगायचं तर त्या शेवटच्या घोटाचा आता काही उपयोग नव्हता. दिवस उलटून गेले होते, औषध जुनं झालं होतं, पोरीला पाजण्यासारखं राहिलं नव्हतं. तेवढ्यानं तिचं काही अडलंही नव्हतं. मी ते गिरजाला सांगितलं. म्हटलं, “हे आता पाजायचं नाही. पोरगी तुझी बरी झाली, हे उरलं तरी बरी झाली. पण हे इथं वाळूत ठेवून तू रोज बघत बसशील. ओतून देऊ या. मी ओतू?”

तिनं दोन्ही बाटल्या उचलून हातात धरल्या. बाहेर कोळशाचा ट्रक गेला, भिंत थरथरली, थांबली.

“माह्याच हातानं होऊ द्या,” ती म्हणाली.

आम्ही दाराबाहेर आलो. तिनं पहिली बाटली उपडी केली. गुलाबी घोट राखेच्या मातीत पडला, क्षणभर गोळीसारखा गोल राहिला आणि मुरला. दुसरी उपडी करताना तिनं डोळे मिटले. तिच्या दंडाला मी धरून होते. सुजाता खणणं सोडून ओल्या डागाकडे बघत होती. मग पुन्हा खणायला लागली.

गिरजानं डोळे उघडले ते पोरीकडेच बघत. आपण काही मोजतोय आणि कुठं थांबायचं ते माहीत नाही, अशी बघत होती. मी आत माठाजवळ जाऊन दोन्ही बाटल्या विसळून बाहेर आणल्या. साहेबांनी तिच्या नवऱ्याला विचारलेलं मला तेव्हा आठवलं. विचारलं, “डाव्या कानानं ऐकते का वं?”

“नाई पाह्यलं,” ती म्हणाली. “भेव वाटते पाहाले.”

“आत्ता पाहू या?”

ती पोरीच्या मागं उकिडवी बसली आणि तळहात तिच्या उजव्या कानावर घट्ट दाबून धरला. सुजाताला तो खेळ वाटला, ती हसली. मी तिच्या हातातला चमचा मागून घेतला आणि डाव्या बाजूला, तिला दिसणार नाही अशी, चार पावलं मागं उभी राहिले. हातात रिकामी बाटली होती. चमच्यानं त्या बाटलीवर एकदा हलकेच मारलं. भरलेली बाटली ठक्क वाजते. रिकामीचा आवाज बारीक, लांब जाणारा असतो, देवळातल्या लहान घंटेसारखा. त्या करड्या दुपारी तो खोल्यांच्या ओळीवरून जाऊन परत आल्यासारखा वाटला.

सुजाता मातीकडेच बघत होती. गिरजानं तळहात कानावरून काढला नाही. मी पुन्हा मारलं, थोडं जोरात.

पोरीनं मान वळवली. जरा उशिरानं, विचार करून वळवल्यासारखी. पण डावीकडे वळवली, आणि माझ्या हातातल्या बाटलीकडे बघून म्हणाली, “मले दे.”